बजाज पल्सर २५०

बजाज पल्सर २५० ही पुणे येथील बजाज ऑटो या कंपनीने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी बाजारात आणलेली स्पोर्ट्स प्रकारातील मोटारसायकलींची जोडी आहे. पल्सर एन२५० हे तिचे उघड्या बांधणीचे, तर पल्सर एफ२५० हे पुढील भागाला अर्धे आच्छादन असलेले रूप होय. पल्सर मालिकेच्या विसाव्या वर्षी आलेल्या या पिढीत इंजिन, सांगाडा, धक्काशोषक यंत्रणा आणि बाह्यरूप असे सर्व काही नव्याने आखण्यात आले. त्यापैकी एफ२५० हे रूप पल्सर २२०एफ या लोकप्रिय मोटारसायकलीचा वारस मानले गेले. परंतु जुन्या पल्सरच्या मालकांमध्ये नव्या पिढीविषयी एकमत झाले नाही. २०२२ मध्ये विक्रीतून काढलेली २२०एफ फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणण्यात आली. वाहनाची नवी पिढी तांत्रिकदृष्ट्या सरस असूनही जुनीला पूर्णपणे बाजूला सारू शकत नाही, याचे हे भारतीय वाहन उद्योगातील ठळक उदाहरण आहे.

## पार्श्वभूमी

बजाज ऑटो ही कंपनी अनेक दशके प्रामुख्याने स्कूटर आणि तीनचाकी रिक्षांसाठी ओळखली जात होती. १९८० च्या दशकात जपानच्या कावासाकी कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिने मोटारसायकली बनवण्यास आरंभ केला. १९९९ मध्ये पुण्याजवळ चाकण येथे कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला. पुढे पल्सरचे उत्पादन याच कारखान्याशी जोडले गेले.

त्या काळात भारतीय ग्राहक मोटारसायकल निवडताना इंधनाच्या बचतीला सर्वाधिक महत्त्व देत असे आणि बहुतेक गाड्या ८० ते १२५ घनसेंटिमीटर क्षमतेच्या होत्या. १९९९ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीबीझेड या गाडीने अधिक ताकदीच्या मोटारसायकलींनाही मागणी असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने पल्सर १५० आणि पल्सर १८० या दोन गाड्या सादर केल्या. इंजिनाच्या विकासात टोकियो आर अँड डी या जपानी संस्थेचा, तर बाह्यरूपाच्या आखणीत ग्लिन केर या ब्रिटिश आरेखनकाराचा सहभाग होता.

२००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय हे तंत्र मिळाले. यात एका सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग असतात. इंधन दोन ठिकाणी पेटल्यामुळे ज्वलन लवकर आणि अधिक पूर्ण होते. त्यामुळे ताकद व इंधनबचत यांचा मेळ घालणे सोपे जाते. २००६ च्या आवृत्तीत डिजिटल वेगमापक, एलईडी मागील दिवा आणि रात्री उजळणारी बटणे आली. एकाच मूळ साच्यावर टप्प्याटप्प्याने केलेल्या अशा सुधारणांमुळे पल्सरचे रूप वर्षानुवर्षे ओळखीचे राहिले.

### पल्सर २२०

२००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय ही गाडी आली. अर्धे आच्छादन, एकावर एक बसवलेले दोन पुढचे दिवे, आच्छादनावर लावलेले आरसे आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक ही तिची ओळख होती. तिच्यात कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपण यंत्रणा वापरली होती. २००९ मध्ये कार्ब्युरेटर असलेली २२० डीटीएस-आय आवृत्ती आली; तिची किंमत कमी आणि ताकद सुमारे २१ पीएस होती. तिची जाहिरात सर्वांत वेगवान भारतीय मोटारसायकल म्हणून करण्यात आली. पुढील बारा वर्षांत गाडीचे रूप जवळजवळ तसेच राहिले. २०१९ मध्ये अनिवार्य झालेली एबीएस यंत्रणा आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेली बीएस-६ प्रदूषण मानके यांमुळे तिच्यात आवश्यक ते बदल झाले आणि इंधन अंतःक्षेपण यंत्रणा परत आली.

## रचना आणि तांत्रिक वैशिष्ट्ये

पल्सर २५० च्या दोन्ही रूपांत २४९.०७ घनसेंटिमीटर क्षमतेचे, एका सिलिंडरचे, दोन झडपांचे आणि तेलाने थंड होणारे इंजिन आहे. ते मिनिटाला ८,७५० फेऱ्यांवर २४.५ पीएस इतकी ताकद आणि ६,५०० फेऱ्यांवर २१.५ न्यूटन-मीटर इतका टॉर्क देते. गिअर पाच आहेत. क्लच असिस्ट-स्लिपर प्रकारचा असल्याने तो दाबण्यास हलका असतो, आणि घाईने खालचा गिअर टाकल्यास मागचे चाक झटका खात नाही.

मागील बाजूस जुन्या गाडीतील दोन धक्काशोषकांच्या जागी मध्यभागी एकच धक्काशोषक बसवण्यात आला. पुढे एलईडी प्रोजेक्टर दिवा आला. फलकावर इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा कायम ठेवण्यात आला. त्याच्याबरोबर चालू गिअर आणि उरलेल्या इंधनात कापता येणारे अंतर दाखवणारा डिजिटल पडदा व मोबाइल चार्ज करण्याची सोय देण्यात आली. सादरीकरणाच्या वेळी दिल्लीतील शोरूम किंमत एन२५० साठी १.३८ लाख रुपये, तर एफ२५० साठी १.४० लाख रुपये होती.

| बाब | पल्सर २२०एफ (बीएस-६) | पल्सर एफ२५० (२०२१) |
|---|---|---|
| इंजिन क्षमता | २२० घनसेंटिमीटर | २४९.०७ घनसेंटिमीटर |
| कमाल ताकद | २०.४ पीएस | २४.५ पीएस |
| कमाल टॉर्क | १८.५५ न्यूटन-मीटर | २१.५ न्यूटन-मीटर |
| गिअर | ५ | ५ |
| मागील धक्काशोषक | दोन | एक |
| पुढचा दिवा | हॅलोजन | एलईडी |
| इंधन टाकी | १५ लिटर | १४ लिटर |
| वजन | १६० किलोग्रॅम | १६४ किलोग्रॅम |

## मालकांची मते

### अनुकूल मते

नव्या पिढीच्या बाजूने मांडला जाणारा प्रमुख मुद्दा तिच्या रोजच्या वापरातील सुलभतेचा आहे. कमी वेगातही इंजिनात पुरेसा जोर असल्यामुळे वारंवार गिअर बदलावा लागत नाही. पुण्यासारख्या शहरात याला महत्त्व आहे. उदाहरणार्थ, सिंहगड रस्त्याने जाणारा दुचाकीस्वार धायरी फाट्यापर्यंत वाहतुकीत थांबत-सरकत जातो. तोच पुढे खडकवासला आणि डोणजे ओलांडून सिंहगडाच्या चढणीला लागतो, तेव्हा त्याला कमी वेगात जोर हवा असतो. या दोन्ही ठिकाणी कमाल वेगाचा उपयोग नसतो. हलका क्लच आणि खालच्या फेऱ्यांतील टॉर्क यांचाच फायदा होतो. जुन्या गाड्यांत अधिक वेगाला जाणवणारी थरथर कमी होणे, खड्ड्यांवरून जाताना मागील भाग स्थिर राहणे आणि रात्री रस्ता अधिक उजळणे याही जमेच्या बाजू मानल्या जातात.

### प्रतिकूल मते

टीकेचा पहिला मुद्दा अपेक्षाभंगाचा होता. मालिकेतील सर्वांत मोठ्या इंजिनाची गाडी असूनही २५० ची कमाल ताकद त्याच कंपनीच्या, द्रवशीतन आणि सहा गिअर असलेल्या पल्सर एनएस२०० इतकीच, म्हणजे २४.५ पीएस, होती. सहावा गिअर नसल्याने महामार्गावर दीर्घकाळ वेगाने जाताना इंजिनाच्या फेऱ्या चढ्या राहतात, अशी तक्रार होती. सुरुवातीच्या आवृत्तीत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असणे आणि मोबाइलशी जोडणीची सोय नसणे यांवरही आक्षेप घेण्यात आला.

दुसरा मुद्दा रूपाचा होता. २२०एफ चे एकावर एक दिवे दूरवरून ओळखू येत. एफ२५० मध्ये त्यांच्या जागी मधोमध एक दिवा आणि दोन्ही बाजूंना दिवसा चमकणाऱ्या पट्ट्या आल्या. नव्या खरेदीदारांना हे रूप आधुनिक वाटले. जुन्या मालकांपैकी अनेकांना त्यात पल्सरची ओळख हरवल्यासारखे वाटले.

तिसरा मुद्दा देखभालीचा आहे. दीर्घकाळ न बदललेल्या गाडीचे सुटे भाग लहान गावांतही मिळतात आणि गल्लीतल्या मेकॅनिकला तिची दुरुस्ती तोंडपाठ असते. जुनी गाडी वापरलेलीही सहज विकता येते. नव्या इंजिनाच्या आणि सांगाड्याच्या गाडीला हा आधार पहिल्या दिवसापासून मिळत नाही. मोटारसायकल हे ज्यांचे एकमेव वाहन असते आणि ज्यांनी ती कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेली असते, त्यांच्यासाठी हा मुद्दा ताकदीच्या आकड्यांपेक्षा मोठा ठरतो.

### मतभेदाचे स्वरूप

दोन्ही बाजूंच्या मतांचा रोख वेगवेगळ्या गोष्टींकडे आहे. अनुकूल मते प्रामुख्याने गाडी कशी चालते यावर, तर प्रतिकूल मते बऱ्याच अंशी गाडीने काय बनायला हवे होते यावर आधारलेली आहेत. २२०एफ ही तिच्या काळात वेगाचे प्रतीक होती. त्यामुळे तिच्या वारसाकडून केवळ सुधारणा नव्हे, तर तशीच मोठी झेप अपेक्षित होती. बजाजने मात्र २५० ची आखणी झेपेपेक्षा समतोलाकडे झुकणारी केली. द्रवशीतन आणि चार झडपा टाळल्याने किंमत आटोक्यात राहिली. अधिक ताकद हवी असणाऱ्यांसाठी चाकण येथेच तयार होणाऱ्या केटीएमच्या गाड्या बाजारात उपलब्ध होत्या.

## पल्सर २२०एफ चे पुनरागमन

एफ२५० आल्यानंतर २०२२ मध्ये २२०एफ ची विक्री थांबली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र ती सुमारे १.४० लाख रुपये किमतीला पुन्हा उपलब्ध झाली. रूपात मोठा बदल करण्यात आला नव्हता. जुने आच्छादन, जुने दिवे आणि मागील दोन धक्काशोषक तसेच होते. अशा रीतीने पूर्वज आणि वारस एकाच वेळी, थोड्याफार किमतीच्या फरकाने, एकाच शोरूममध्ये विक्रीस उभे राहिले.

पल्सर मालिकेत असे यापूर्वीही घडले होते. २०१२ मध्ये आलेल्या पल्सर २००एनएस या गाडीला जुन्या साच्यापासून पूर्णपणे वेगळा सांगाडा, द्रवशीतन आणि एका सिलिंडरमध्ये तीन स्पार्क प्लग देण्यात आले होते. एप्रिल २०१५ मध्ये एएस१५० आणि एएस२०० या लांबच्या प्रवासाकडे झुकणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा भारतात २००एनएस ची विक्री थांबवण्यात आली. खरेदीदारांचा कल मात्र मूळ गाडीकडेच राहिला. २०१७ मध्ये ती एनएस२०० या नावाने परतली आणि एएस मालिका बंद झाली.

## नंतरचे बदल

प्रतिकूल मतांपैकी काहींची दखल पुढील आवृत्त्यांत घेतलेली दिसते. जून २०२२ मध्ये दोन्ही चाकांना एबीएस असलेली काळ्या रंगाची आवृत्ती आली. त्याच महिन्यात २५० च्या धर्तीवर आखलेली पल्सर एन१६० बाजारात आली. एप्रिल २०२४ मध्ये एन२५० ला पुढील बाजूस उलटे धक्काशोषक, अधिक रुंद मागील टायर, चाक घसरण्यास आळा घालणारी यंत्रणा, एबीएसचे तीन पर्याय आणि मोबाइलशी जोडला जाणारा डिजिटल फलक मिळाला. इंजिनाची ताकद आणि गिअरची संख्या मात्र तशीच राहिली.

मे २०२४ मध्ये ३७३ घनसेंटिमीटर क्षमतेचे, ४० पीएस ताकदीचे आणि सहा गिअर असलेले पल्सर एनएस४००झेड हे रूप १.८५ लाख रुपये किमतीला आले. २५० कडून ज्या झेपेची अपेक्षा होती ती या गाडीने पूर्ण केली आणि मालिकेतील सर्वोच्च स्थान २५० कडून तिच्याकडे गेले.

## जागतिक संदर्भ

वाहनाच्या नव्या पिढीवर जुन्या मालकांनी नाराजी दर्शवणे ही केवळ भारतीय घटना नाही. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९९७ मध्ये आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारची ९९६ ही पिढी सादर केली. १९६३ पासून हवेने थंड होणारे इंजिन तिच्यात प्रथमच पाण्याने थंड होणारे झाले आणि ओळखीचे गोल दिवे जाऊन बॉक्स्टर या स्वस्त गाडीशी साम्य असलेले दिवे आले. जुन्या मालकांनी या दोन्ही बदलांवर टीका केली. २००४ मध्ये आलेल्या ९९७ या पिढीत पोर्शेने गोल दिवे परत आणले, पण जलशीतन कायम ठेवले.

या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा फरक आहे. पोर्शेने जुन्या रूपातील काही खुणा नव्या पिढीत उतरवून मालकांचे समाधान केले. बजाजने जुनी गाडीच नव्या गाडीशेजारी पुन्हा उभी केली. जुन्या साच्याची यंत्रसामग्री, सुटे भाग पुरवणारे कारखाने आणि दुरुस्तीचे जाळे आधीच अस्तित्वात असल्यामुळे दुसरा मार्ग कंपनीला तुलनेने सोपा होता. मात्र प्रदूषण आणि सुरक्षेचे नियम जसजसे कडक होतात, तसतसा जुना साचा त्यांत बसवण्याचा खर्च वाढत जातो. त्यामुळे असे पुनरागमन किती काळ टिकेल, हे मागणीइतकेच नियमांवरही अवलंबून असते.

## हे सुद्धा पहा

* बजाज ऑटो
* बजाज चेतक
* चाकण
* केटीएम