अपराजित, पण अनिमंत्रित

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडच्या फुटबॉलहून अगदी निराळा खेळ आहे. त्यातील चेंडू लंबगोल असतो, तो हातात धरून धावावे लागते, आणि प्रतिपक्षाच्या अकरा गड्यांचे कडे फोडून तो सीमारेषेपलीकडे नेला म्हणजे सहा गुण मिळतात. तेथील महाविद्यालयांत ह्या खेळाचा हंगाम शरद ऋतूत चालतो. हंगाम संपला की निवडक संघांना नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या ‘बाऊल’ सामन्यांचे निमंत्रण येते. हे निमंत्रण म्हणजे मोठा मान. शिवाय तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा मिळत असल्याने छोट्या महाविद्यालयाच्या तिजोरीला त्याचा मोठा आधार होतो. 1951 साली सान फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाची जी कथा घडली, तिचे मर्म ह्या मानात आणि ह्या पैशातच आहे.

जेझुइट धर्मगुरूंनी 1855 मध्ये स्थापन केलेली ही संस्था विद्यार्थिसंख्येने लहान आणि पैशाने बेताची होती. फुटबॉलचा खर्च तिला झेपेनासा झाला होता. संघाचे शिक्षक जो क्युहॅरिक हे शिस्तीचे कठोर होते. त्यांच्या हाताखाली जमलेली मुले मात्र असामान्य निघाली. जीनो मार्केटी हा दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष रणांगणावर लढून आलेला जवान होता. बॉब सेंट क्लेअर हा धिप्पाड गडी सान फ्रान्सिस्कोचाच. ऑली मॅटसन टेक्सासमध्ये जन्मलेला, तर बर्ल टोलर टेनेसी राज्यातील मेंफिसचा. हे शेवटचे दोघे कृष्णवर्णीय होते, आणि सबंध संघात कृष्णवर्णीय असे तेवढेच दोघे होते.

त्या हंगामात हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅम विद्यापीठाला त्याने 32 विरुद्ध 26 गुणांनी हरविले. पॅसिफिक महाविद्यालयाचा 47 विरुद्ध 14 असा धुव्वा उडविला. 24 नोव्हेंबर रोजी पॅसाडेना येथे लॉयोलाविरुद्धचा अखेरचा सामना 20 विरुद्ध 2 असा जिंकून हंगाम संपला. मॅटसनने चेंडू घेऊन एकंदर 1,566 यार्डांची मजल मारली. त्या वर्षी सबंध देशात कोणाही महाविद्यालयीन खेळाडूला तेवढी साधली नाही.

एवढ्या पराक्रमानंतर निमंत्रण अपेक्षित होते. परंतु ह्यांतील बरेच सामने देशाच्या दक्षिण भागात भरत, आणि तेथे त्या काळी वर्णभेदाला कायद्याचे पाठबळ होते. शाळा निराळ्या, उपाहारगृहे निराळी, आगगाडीचे डबेही निराळे. उत्तरेकडील संघ दक्षिणेत खेळावयास आला तर त्याने आपले कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवून यावे, असा अलिखित करार कित्येक वर्षे चालत आला होता. आणि उत्तरेकडील अनेक विद्यापीठांनी तो मुकाट्याने पाळलाही होता. खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, निमंत्रण मिळू शकेल, पण मॅटसन आणि टोलर ह्यांना मागे ठेवावे लागेल, असा निरोप क्युहॅरिक ह्यांच्यामार्फत त्यांच्यापर्यंत आला. त्यावर फारशी चर्चा झाली नाही. दोघांना वगळून जावयाचे नाही, हे उत्तर सर्वांनी एकमुखाने दिले.

निमंत्रण न येण्याचे दुसरेही कारण त्या वेळी पुढे करण्यात आले. संघाने बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी फारसे सामने खेळले नाहीत, असा तो आक्षेप होता. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतही संघाचे स्थान चौदावे होते. तथापि ज्या संघातून तीन खेळाडू पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्माननीयांच्या मालिकेत गेले, तो दुबळा होता असे कोण म्हणेल? त्याचा प्रसिद्धी-प्रमुख असलेला तरुण पीट रोझेल हाही 1960 पासून जवळजवळ तीस वर्षे व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा सर्वाधिकारी होता.

नकाराची किंमत लगेच मोजावी लागली. बाऊल सामन्याचे उत्पन्न बुडाले आणि वर्ष संपता संपता विद्यापीठाने फुटबॉल बंद केल्याचे जाहीर केले. एका सामन्याच्या पैशाने ते कायमचे तगले असते असे छातीठोकपणे सांगता येत नाही. परंतु आपला संघ आर्थिक संकटात आहे, हे त्या मुलांना ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्यांनी नकार दिला.

मॅटसनने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 400 मीटर धावण्यात कांस्यपदक आणि सांघिक शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्याच ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकले होते. महाविद्यालयीन खेळामागे कोणी ना कोणी असा पदरमोडीचा भार उचललेला असतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

टोलरचे नशीब निराळे होते. 1952 मध्येच गुडघ्याला जबर दुखापत होऊन त्याचे खेळणे संपले. तो शिक्षक झाला आणि पुढे सान फ्रान्सिस्कोतील एका शाळेचा मुख्याध्यापक. 1965 मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून तो मैदानावर उतरला. ज्याला मैदानाबाहेर ठेवू पाहत होते, त्याच्याच हाती नियमपालनाची शिटी आली.

शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1954 मध्ये लागला. सान फ्रान्सिस्कोच्या मुलांनी आपला निकाल त्याच्या तीन वर्षे आधी दिला होता. त्यांच्यापाशी ना कायद्याचा आधार होता, ना कसल्या चळवळीची आज्ञा. बरोबर घाम गाळलेल्या दोन सोबत्यांना दारात सोडून मेजवानीला जाणे त्यांना रुचले नाही, एवढेच. त्या वर्षीच्या बाऊल सामन्यांतील विजेत्यांची नावे आज किती जणांना आठवतात? न खेळलेल्या ह्या सामन्याची आठवण मात्र अजून टिकून आहे.