एका डब्यातले तिघे

राउटरच्या पाठीला बहुधा पाच पोर्ट असतात. चार एका रंगाचे, वर ‘लॅन’ लिहिलेले. पाचवा वेगळ्या रंगाचा, ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असं मिरवणारा. आतल्या खोलीत रेंज पोचत नाही म्हणून माळ्यावरचा जुना राउटर तिथे लावायचं ठरलं, की एखादा जाणकार सांगतो: डीएचसीपी बंद कर, डब्याचा पत्ता बदल आणि वायर त्या पाचव्यात नको, चारांपैकी एकात खोच. ज्याच्यावर ‘इंटरनेट’ लिहिलंय तोच पोर्ट रिकामा ठेवायचा! ही उफराटी वाटणारी युक्ती समजायची तर आपण ज्याला राउटर म्हणतो त्याची वंशावळ पाहावी लागते. त्या एका डब्यात तीन वेगळ्या घराण्यांतली यंत्रं नांदतात.

पहिलं घराणं हवाई बेटांवरचं. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९७१मध्ये ‘अलोहानेट’ सुरू केलं. विद्यापीठाची केंद्रं वेगवेगळ्या बेटांवर आणि मोठा संगणक ओआहूवर. टेलिफोनच्या तारांऐवजी त्यांनी रेडिओ वापरला. अडचण अशी, की सगळ्यांना बोलायला लहर एकच. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. अब्रॅमसन यांचा तोडगा धीट होता. कुणाला न विचारता बोलून टाकायचं. पोच आली नाही, तर प्रत्येकाने कमीजास्त वेळ थांबून तेच पुन्हा बोलायचं. थांबण्याचा वेळ मुद्दाम अनिश्चित, म्हणजे तेच दोघं पुन्हा धडकायची शक्यता कमी. मधोमध बसून सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या यंत्राला हवाईच्या लोककथांतल्या बुटक्या कारागिरांवरून ‘मेनेहुने’ म्हणत. आपल्या डब्यातल्या ऍक्सेस पॉइंटचा मूळपुरुष हाच.

धडक झाली तर थांबून पुन्हा बोलायची ही कल्पना बॉब मेटकाफ यांनी १९७३मध्ये झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात सुधारून तारेवर आणली आणि तिला ईथरनेट म्हटलं. वायफाय आणि लॅनची वायर एकाच मुळातून निघाली ती अशी. ऍक्सेस पॉइंट हवेतून आलेलं वायरवर आणि वायरवरचं हवेत सोडतो, बाकी कशात नाक खुपसत नाही.

हवेतली शाखा मात्र बरीच वर्षं खुंटली, कारण लहरी सरकारच्या ताब्यात. १९८५मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या उपकरणांसाठी राखलेले काही पट्टे, त्यांत २.४ गीगाहर्ट्झचाही, अशा दळणवळणाला परवान्याविना वापरू दिले. सगळ्यात आधी सरसावलेल्यांत होती गल्लायंत्रं बनवणारी एनसीआर. दुकानातले काउंटर हलवले की तारा पुन्हा ओढाव्या लागत, ती कटकट तिला संपवायची होती. नेदरलँड्समधल्या न्यूवेखाइनच्या तिच्या अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ तयार केलं. त्यांच्यातलेच व्हिक हेस १९९०मध्ये वायफायचं मानक ठरवणाऱ्या आयट्रिपलईच्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष झाले. १९९७मध्ये मानक आलं, वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. घराघरांत शिरकाव झाला तो जुलै १९९९मध्ये ॲपलने आणलेल्या २९९ डॉलरच्या ‘एअरपोर्ट’मुळे.

दुसरं घराणं पत्ते वाटणाऱ्यांचं, म्हणजे खऱ्या अर्थाने राउटरचं, आणि सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आपला आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४३० कोटी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ते संपायची चिन्हं दिसू लागली. मे १९९४मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी ‘नॅट’ मांडलं: आत कितीही यंत्रं असोत, बाहेर पत्ता एकच, मधला डबा हिशेब ठेवेल. उपाय तात्पुरता आहे असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. ही मलमपट्टी तीस वर्षं सुटलेली नाही. १९९४मध्येच १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखले गेले, आणि ते आपोआप वाटायचं काम आधीच आलेल्या डीएचसीपीकडे गेलं.

तिसरं घराणं स्विचचं. चार वायरी एकमेकींना जोडायच्या, एवढंच त्याचं काम.

डिसेंबर २००२मध्ये लिंक्सिसने हे तिघे निळ्या-काळ्या डब्यात भरून डब्ल्यूआरटी५४जी नावाने विकायला काढले. तैवानमधून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर आणि जेनी त्साओ या दांपत्याची ही कंपनी. तिघांना एकत्र आणणारी ती पहिली नव्हे, पण हा डबा गाजला एका वेगळ्याच कारणाने. आत लिनक्स आहे हे २००३मध्ये उघड झालं आणि लिनक्सच्या परवान्याच्या अटीप्रमाणे कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. हौशी मंडळी तुटून पडली. ओपनडब्ल्यूआरटी आणि डीडी-डब्ल्यूआरटी ही राउटरची पर्यायी सॉफ्टवेअरं त्यातूनच निघाली. या हौशींना दिसलं, की डब्याच्या पुढच्या आवृत्त्यांत पाचवा पोर्ट हाही त्याच स्विचचा भाग आहे. त्याला वेगळं पाडणारी भिंत फक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिघांपैकी हवा तो ठेवावा, नको त्यांना निजवावं, हे मग ओघानेच आलं.

आपल्याकडे जानेवारी २००५मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं आणि २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. लाकडी चौकट आणि जिप्समच्या पडद्यांची घरं असलेल्या अमेरिकेपेक्षा आपल्या वीट-काँक्रीटच्या भिंती लहरींना जड जातात. त्यामुळे दुसऱ्या डब्याची गरज आपल्याला जास्तच.

तो सरळ पाचव्या पोर्टाने जोडला तर काय होतं? एका घरात दोन कर्ते होतात. नॅटच्या आत नॅट. मोबाइलवर इंटरनेट चालतं, पण हॉलमधला प्रिंटर आतल्या लॅपटॉपला दिसत नाही. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर तेवढंही धड चालेल याची खात्री नाही.

म्हणून आधी जुना डबा एकटाच लॅपटॉपला जोडायचा, त्याला १९२.१६८.१.२ असा पहिल्याच्या ओळीतला पण त्याच्या वाटपाबाहेरचा पत्ता द्यायचा, वायफायचं नाव-पासवर्ड भरायचं आणि शेवटी डीएचसीपी बंद करायचं. मग मुख्य राउटरच्या लॅनमधून याच्या लॅनमध्ये वायर. आता वायर थेट स्विचला मिळते, स्विचवरून ऍक्सेस पॉइंटला. राउटर डब्यात असून नसल्यासारखा. नव्या डब्यांत याच कृतीला ‘ऍक्सेस पॉइंट मोड’ नावाचं एक बटण असतं, आणि बहुधा पाचवा पोर्टही ते चारांत मिसळून टाकतं. ते असेल तर तेच वापरावं. हाताने करण्यात शौर्य काही नाही.

एक मात्र करा. नवा पत्ता चिठ्ठीवर लिहून डब्याच्या तळाला चिकटवा. वर्षभराने पासवर्ड बदलायला जाल तेव्हा जुन्या पत्त्यावर मुख्य राउटरच उघडेल, आणि दुसऱ्याचा पत्ता आठवला नाही तर टाचणीने रिसेट दाबून सगळं पहिल्यापासून करावं लागेल.