बाळू पालवणकर आणि १९०६ चा सामना

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपीय संघांचा क्रिकेट-सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. प्रतिपक्षाचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. विजय १०९ धावांचा! त्याचा एक शिल्पकार होता डावखुरा गोलंदाज बाळू पालवणकर. चांभार समाजातला हा तरुण पूर्वी पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर चाकरीस असे आणि ग्रेगसाहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकी. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला खेळावयास घेतले खरे. पण चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! विटाळ चेंडूला नव्हता, कपाला होता. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात तो सहकाऱ्यांच्या पंगतीस बसू लागला. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्याला लाभले नाही. १९२३ साली ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले.