शांतपणाची किंमत

शिकार करून जगणाऱ्या समाजांचा विचार करताना आपण बहुधा दोन टोकांना जातो. एक तर त्यांना रानटी ठरवतो, नाहीतर त्यांच्या निसर्गदत्त मनःशांतीचे गोडवे गातो. मन आवरण्यासाठी या माणसांनाही कष्ट पडले असतील, हे दोन्ही वेळा आपल्या ध्यानात येत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज १९६३ साली कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात, बॅक नदीच्या मुखाशी राहणाऱ्या उत्कु इन्युइटांकडे गेल्या. मासेमारी आणि कॅरिबूची शिकार यांवर जगणारी ही अगदी लहान वस्ती. एका कुटुंबाने ब्रिग्जना मुलगी मानून घरात घेतले. तेथे कोणी आवाज चढवीत नसे. ‘इहुमा’ म्हणजे समज, विवेक. ती वयाबरोबर वाढते, म्हणून लहान मुलाचा राग क्षम्य, मोठ्याचा मात्र पोरकटपणा. पण इहुमा अति झाली, माणूस मनातल्या मनात कुढू लागला, तर त्याचीही धास्ती वाटे. मायेचेही तसेच. ‘नाक्लिक’ म्हणजे जपणारी, काळजी वाहणारी माया. ती फार जडली की विरह सोसवत नाही, हे ते जाणून होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात बाहेरून आलेल्या हौशी मासेमारांनी वस्तीची एक होडी मोडली आणि दुसरी मागितली. ब्रिग्ज वस्तीच्या बाजूनेच बोलल्या, पण रागाने. त्यानंतर सुमारे तीन महिने त्या एकाकी पडल्या. कोणी भांडले नाही, जेवणखाण तुटले नाही. माणसे फक्त सौजन्याने दूर राहिली. पुढे एका पत्रामुळे त्यांचा हेतू कळला आणि दुरावा निवळला. ही हकिगत त्यांच्या १९७० च्या ‘नेव्हर इन अँगर’ या ग्रंथात आहे.

आम्हांला वाटते, तिचा अर्थ ‘ते सुखी होते’ एवढाच काढणे उथळ ठरेल. जिथे हिवाळा काढायला एकमेकांवाचून गत्यंतर नाही, तिथे एकाचा संताप साऱ्यांनाच धोक्याचा. शांतपणा ही तेथील नीती होती, आणि तिची किंमत एकटेपणात मोजावी लागे. मौनाला भावशून्यता समजण्याची चूक आपण साहित्य वाचतानाही करतो. उत्कुंच्या घरातले मौन भावनांनी भरलेले होते. ते वाचायला ब्रिग्जना स्वतः त्याची झळ सोसावी लागली.