सावित्रीच्या दोन वाटा

तुमच्याजवळ स्वतःची मोटार आहे, चार दिवसांची रजा आहे आणि गाडी आपणच चालवावी अशी हौस आहे, असे घटकाभर समजू या. अशा हौशी माणसांसाठी युरोपच्या पश्चिम टोकाला एक प्रवास प्रसिद्ध आहे. स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत हे सारे केल्टिक भाषांचे मुलूख. मध्ये समुद्र आहे. पण माणसे मोटारीसकट बोटीवर चढतात आणि पलीकडच्या किनाऱ्यावर उतरून पुन्हा चालू लागतात. ब्रिटनीची भाषा दीड हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडूनच तिथे आली, आणि 1973 साली रॉस्कॉफहून प्लिमथला जाणारी बोट सुरू केली तीही तिथल्या शेतकऱ्यांनी. आपला फ्लॉवर इंग्लंडच्या बाजारी पोचवावा म्हणून! पाणी त्यांना तोडीत नाही, जोडते.

तुम्ही म्हणाल, हे आम्हांला कशाला सांगता? सांगतो अशासाठी, की असाच प्रवास आपल्या पोलादपूर-महाडच्या उंबरठ्याशी आहे. आपण तो सावित्रीच्या काठाने करू.

सुरुवात महाबळेश्वराहून करा. सावित्री तिथे उगम पावते. तिच्या दरीवर जो कडा आहे त्याला ‘आर्थर सीट’ म्हणतात. आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बाणकोटच्या खाडीत बुडाली. तो या कड्यावर बसून त्या नदीकडे पाहत राही, असे सांगतात. नदीच्या उगमावर बसून तिच्या मुखाशी झालेले दुःख आठवायचे! गोष्ट कशीही असो, पाणी जोडते तसे नेतेही, हे ध्यानात ठेवूनच खाली उतरावे.

आंबेनळीचा घाट उतरला की पोलादपूर. ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे, आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात. प्रतापगडाच्या पायथ्याचा पार घाट ही देशावरून कोकणात उतरण्याची जुनी वाट. या वाटेने बैलांच्या पाठीवरून कांदा, लसूण, गूळ खाली यायचा. मीठ, सुकी मासळी, कापड वर जायचे. हा सारा माल जिथे होडीत चढे नि होडीतून उतरे, ते गाव महाड.

महाड म्हटले की आज हमरस्त्यावरचे गाव डोळ्यांपुढे येते. पण हे मुळात बंदर, बरं का! समुद्रापासून इतके आत असूनही भरतीच्या पाण्याबरोबर लहान गलबते इथवर येत. मोठी खाली दासगावाला थांबत. गावाजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखात कुमार काणभोअ विष्णुपालित याचे नाव आहे. घाटाची वाट आणि खाडीची वाट एकत्र येतात तिथेच अशी लेणी खोदली जावीत, यात नवल ते काय?

पुढे पेशवाईत पाहा. सावित्रीच्या मुखाच्या उत्तरेला श्रीवर्धन, तिथले भट पेशवे झाले. दक्षिणेला वेळास, तिथल्या भानूंच्या घराण्यात नाना फडणीस झाले. एका खाडीच्या दोन काठांनी पुण्याला धनीही दिला आणि कारभारीही! आणि संकट आले तेव्हा दोघांनाही हीच दरी आठवली. 1796 साली नाना पुण्यातून निघाले ते महाडला येऊन राहिले आणि इथूनच त्यांनी आपले डाव टाकले. 1802 साली यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरे बाजीराव रायगड-महाडकडे उतरले, पुढे सुवर्णदुर्ग गाठून समुद्रमार्गे वसईला गेले, आणि 31 डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. बाणकोटचा किल्ला तर इंग्रजांकडे 1756 सालापासूनच होता. राज्य जाण्याची वाटही खाडीचीच.

आता मोटार थोडी पुढे घ्या आणि दासगावाला थांबा. इथे थांबण्यासाठीच मी तुम्हांला घराबाहेर काढले आहे.

मार्च 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. मुंबईहून महाडला यायची नेहमीची सोय अशी : बोटीने धरमतरपर्यंत यायचे आणि तिथून मोटारबसने महाड. पण धरमतरच्या बसवाल्यांनी या मंडळींवर बहिष्कार घातला होता. रस्ता होता, गाड्या होत्या, भाडे द्यायला लोक तयार होते; तरी दार बंद!

मग काय केले? 24 डिसेंबरला सकाळी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह मुंबईला ‘पद्मावती’ बोटीत चढले. वाट आडवळणाची, रात्र हरिहरेश्वराला काढावी लागली. दुसऱ्या दिवशी बोट सावित्रीच्या खाडीत शिरली आणि दुपारी दासगावच्या बंदराला लागली. तिथे हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. तिथून महाड सुमारे पाच मैल. ते सारे पायी चालत गेले. त्याच रात्री परिषदेत मनुस्मृती जाळण्यात आली. चवदार तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला, आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

विचार करा. मोटार ही त्या वेळी नव्या युगाची वस्तू. नवे यंत्र आले की जुने भेद आपोआप मोडतील, असे पुष्कळांना वाटे. पण इथे नव्या यंत्राने दार लावले आणि जुन्या खाडीने उघडले. खाडी काही दयाळू नव्हती. तिच्यावर बसवाल्यांचा ताबा नव्हता, इतकेच. वाट कोणत्या काळाची आहे यापेक्षा तिच्या तोंडाशी कोण उभा आहे, हे महत्त्वाचे असते.

यानंतर मात्र रस्त्याचेच दिवस आले. 1928 साली महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल झाला. पोलादपूरकडे, पुढे गोव्याकडे गाड्या धावू लागल्या. खाडी गाळाने भरत गेली, बंदरे ओस पडली, आणि नदी म्हणजे पुलाखालून वाहणारे काहीतरी, अशी आपली समजूत झाली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महापुरात तोच पूल कोसळला. दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसकट गेल्या. शोध पार खाडीच्या मुखापर्यंत घ्यावा लागला. म्हणजे गलबतांच्या त्याच जुन्या वाटेने. नवा पूल जून 2017 मध्ये खुला झाला. तुम्ही त्याच्यावरूनच महाडला आलात. येताना खाली पाहिलेत का?

आता दासगावाहून टोळ फाट्याने आंबेतला या आणि पुलावरून म्हाप्रळला जा. अलीकडे हा पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा इथेही पुन्हा फेरीबोट आणावी लागली. पुढे मंडणगड. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे, तेही वाट थोडी वाकडी करून पाहा. तिथून बाणकोट, आणि खाडीकाठी वेसवी.

वेसवीच्या जेट्टीवर तुमची मोटार रांगेत लागेल. पुढे एखादा टेंपो असेल, मागे मोटारसायकलवर नवराबायको आणि मध्ये पोर. फेरीबोट येते, लोखंडी फळी खाली पडते, खलाशी हाताने खुणा करतो, आणि गाड्या एकेक करून आत जातात. आधी आला तो आधी. थोड्याच वेळात पलीकडे बागमांडला, मग हरिहरेश्वर. हौस पुरली नसेल तर श्रीवर्धनहून दिघीला जा, तिथून तरीने आगरदांडा, पुढे मुरुड-अलिबाग. आणि मांडव्याहून मोटारीसकट मुंबईचा भाऊचा धक्का. ती सोय मार्च 2020 पासून झाली आहे.

या खाड्यांवर आज ना उद्या पूल होतील, आणि व्हावेतच. अडलेल्या बाळंतिणीने भरतीची वाट पाहत बसावे, असे कोण म्हणेल? पण तोवर एकदा बागमांडल्याच्या तरीवर गाडीतून खाली उतरा आणि खाडीच्या मध्यावर उभे राहा. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला दासगावाकडे जाणारे पाणी. तुमची फेरीबोट ज्या वाटेला आडवी कापून जात आहे, त्या वाटेने 25 डिसेंबर 1927 ला ‘पद्मावती’ वर गेली. तिच्यातल्या माणसांजवळ भाडे होते. फक्त त्यांना बसमध्ये घेणारा कोणी नव्हता. तुम्ही मात्र स्वतःच्या गाडीने आलात, आणि जेट्टीवर कोणी तुमची जात विचारली नाही. ही साधी गोष्ट किती महाग पडली आहे, ते त्या पाण्याकडे पाहून आठवावे, आणि मग खुशाल पुढच्या गावची वाट धरावी.