बायबलमधील हिब्रू सण व ख्रिस्ती परंपरा

बायबलच्या जुन्या करारात इस्राएल लोकांसाठी नेमून दिलेले वार्षिक सण ख्रिस्ती धर्मात दोन प्रकारे टिकून राहिले. वल्हांडण आणि सप्ताहांचा सण या दोन सणांतून अनुक्रमे ईस्टर (पुनरुत्थानाचा सण) आणि पेंटेकॉस्ट हे ख्रिस्ती सण निर्माण झाले. शरद ऋतूतील कर्णे वाजवण्याचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मंडपांचा सण यांना मात्र बहुसंख्य ख्रिस्ती पंथांच्या पंचांगात स्थान मिळाले नाही; ते केवळ अर्थरूपाने, म्हणजे ख्रिस्ताच्या कार्याचे पूर्वचिन्ह म्हणून, शिकवणुकीत उरले. हे सण ख्रिस्ती व्यक्तीने प्रत्यक्ष पाळावेत की नाही, हा प्रश्न पहिल्या शतकापासून आजपर्यंत वादाचा राहिला आहे.

मूळ सण व कालगणना

सणांची सर्वांत व्यवस्थित यादी लेवीय या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात आढळते. साप्ताहिक शब्बाथाचा उल्लेख करून हा अध्याय वर्षातील सणांकडे वळतो. पहिल्या महिन्याच्या (निसान, जुने नाव अबीब) चौदाव्या दिवशी संध्याकाळी वल्हांडण, पंधराव्यापासून सात दिवस बेखमीर भाकरीचा सण, त्याच सुमारास नव्या पिकाची पहिली पेंढी अर्पण करण्याचा विधी आणि तेथून पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण, असा वसंतातील क्रम आहे. सातव्या महिन्याच्या (तिश्री) पहिल्या दिवशी कर्णे वाजवले जातात, दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपवास असतो आणि पंधराव्या दिवसापासून सात दिवस मंडपांचा सण चालतो. त्याला आठव्या दिवसाची जोड असते. यांपैकी बेखमीर भाकरी, सप्ताह आणि मंडप या तीन सणांना सर्व पुरुषांनी देवाने निवडलेल्या स्थळी यावे, असा दंडक अनुवाद या पुस्तकात आहे.

हिब्रू महिने चांद्र असून वर्षाचा मेळ ऋतूंशी घालण्यासाठी अधिक महिना धरला जातो; एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. महाराष्ट्रातील वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. महिना अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाने सुरू होत असल्याने निसानचा चौदावा दिवस पौर्णिमेच्या आसपास, साधारणतः आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास येतो. ख्रिस्ती पंचांगातील नाताळासारखे सण ठरावीक तारखेला येत असताना ईस्टर दरवर्षी पुढेमागे का सरकतो, याचे उत्तर या चांद्रगणनेत आहे.

वल्हांडण आणि ईस्टर

वल्हांडणाचा सण मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण आहे. निर्गम पुस्तकातील कथेप्रमाणे ज्या घरांच्या दारांवर कोकराचे रक्त लावलेले होते, ती घरे ओलांडून मृत्यूचा प्रहार पुढे गेला. मराठी बायबलच्या अनुवादकांनी हिब्रू ‘पेसाह’ या शब्दासाठी योजलेला ‘वल्हांडण’ हा शब्द ‘वलांडणे’ म्हणजेच ‘ओलांडणे’ या क्रियापदावरून आला आहे. बहुतेक युरोपीय भाषांनी मूळ शब्दाचा उच्चार तेवढा उचलला. मराठीने त्याचा अर्थ उचलला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

येशूचे अखेरचे भोजन आणि त्याचा वधस्तंभावरील मृत्यू या दोन्ही घटना वल्हांडणाच्या दिवसांत घडल्या, याविषयी चारही शुभवर्तमानांचे एकमत आहे. नेमका दिवस मात्र जुळत नाही. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या वृत्तांतात अखेरचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे. योहानाच्या वृत्तांतात येशूला सणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जात त्या दिवशी, वधस्तंभावर खिळले जाते. योहान आपला आशय आणखी स्पष्ट करतो. येशूचे पाय मोडले गेले नाहीत हे सांगताना तो वल्हांडणाच्या कोकराचे एकही हाड मोडू नये या नियमाकडे निर्देश करतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर ख्रिस्ताला थेट ‘आपले वल्हांडण’ म्हटले आहे, आणि घरातील खमीर काढून टाकण्याच्या यहुदी रिवाजाला दुष्टपणा काढून टाकण्याचा अर्थ दिला आहे. त्याच पत्रात पुढे पुनरुत्थित ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हटले आहे; येथे पहिल्या पेंढीच्या विधीचा संदर्भ आहे.

ईस्टरचे मूळ वल्हांडणात आहे, याची साक्ष भाषाच देतात. ग्रीक आणि लॅटिनमध्ये या सणाला ‘पास्खा’ म्हणतात. इटालियन ‘पास्क्वा’, पोर्तुगीज ‘पास्कोआ’ ही त्याचीच रूपे. गोव्यातील कोकणीभाषक ख्रिस्ती लोक आजही ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. ‘ईस्टर’ हे इंग्रजी नाव वेगळ्या मुळाचे असून ते मराठीत इंग्रजीमार्फत आले.

चौदाव्या तिथीचा वाद

दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधील (आजचे पश्चिम तुर्कस्तान) मंडळ्या निसानच्या चौदाव्या दिवशीच ख्रिस्ती वल्हांडण पाळत, मग तो कोणताही वार असो. रोम आणि इतर बहुतेक मंडळ्या त्यानंतरच्या रविवारी तो पाळत. इतिहासकार युसेबियसने या वादाचा वृत्तांत जपून ठेवला आहे. इ.स. १५५ च्या सुमारास स्मुर्णा येथील वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला, तेव्हा तेथील बिशप अनिसेटस आणि तो यांचे एकमत झाले नाही. तरीही दोघांनी सहभागिता मोडली नाही. १९० च्या सुमारास बिशप व्हिक्टरने मात्र आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करण्याचे पाऊल उचलले. इफिसचा पॉलिक्राटिस याने आपल्या प्रांतातील पूर्वसूरींची नावे देऊन परंपरेचे समर्थन केले, आणि ल्यों येथील इरिनियसने स्वतः रविवार पाळत असूनही व्हिक्टरला संयमाचा सल्ला दिला. वाद तिथीचा होता, पण त्याखाली दडलेला प्रश्न मोठा होता: ख्रिस्ती मंडळीने आपला मुख्य सण यहुदी शेजाऱ्यांच्या पंचांगावर अवलंबून ठेवावा काय?

इ.स. ३२५ मधील निकीया परिषदेने या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. सर्व मंडळ्यांनी एकाच दिवशी, यहुदी गणनेपासून स्वतंत्रपणे, ईस्टर पाळावा असे ठरले. परिषदेनंतर सम्राट कॉन्स्टंटाईनने पाठवलेल्या पत्रात यहुद्यांशी काहीही समान नसावे असा कडवट सूर आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार हा आज पाठ्यपुस्तकांत दिला जाणारा नियम परिषदेने शब्दशः घालून दिलेला नाही; तो अलेक्झांड्रियाच्या गणनेतून पुढे सर्वमान्य झाला. या नियमाने ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या कालावधीत येतो. १५८२ च्या ग्रेगोरियन सुधारणेनंतर पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्याच पंचांगावर राहिल्याने एकवाक्यता पुन्हा भंगली.

खमिराच्या प्रश्नावरूनही मतभेद झाले. प्रभुभोजनासाठी पाश्चात्त्य मंडळी बेखमीर, तर ग्रीक मंडळी खमीरयुक्त भाकर वापरीत असे. इ.स. १०५४ च्या सुमारास रोम आणि कॉन्स्टंटिनोपल यांच्यात जी फूट पडली, तिच्या वादंगात हा मुद्दा आघाडीवर होता. आर्मेनियन मंडळी पूर्वेकडील असूनही बेखमीर भाकर वापरते.

सप्ताहांचा सण आणि पेंटेकॉस्ट

‘पेंटेकॉस्ट’ हा ग्रीक शब्द पन्नासाव्या दिवसाचा वाचक आहे. मुळात हा गव्हाच्या हंगामाचा सण. यहुदी परंपरेने पुढे त्याचा संबंध सीनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळण्याच्या प्रसंगाशी जोडला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात याच सणाला यरुशलेमेत जमलेल्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचे वर्णन आहे. नाना देशांतून आलेल्या यात्रेकरूंची तेथील गर्दी तीर्थयात्रेच्या दंडकामुळेच झालेली होती. वारा व अग्नी या चिन्हांत सीनाय पर्वतावरील प्रसंगाचा प्रतिध्वनी अनेक भाष्यकारांना ऐकू येतो. ख्रिस्ती गणनेत पन्नास दिवस ईस्टरच्या रविवारपासून मोजत असल्याने पेंटेकॉस्टही नेहमी रविवारीच येतो.

शरद ऋतूतील सण

कर्णे वाजवण्याच्या सणाला (यहुदी नववर्ष, रोश हशाना) ख्रिस्ती पर्याय नाही. काही भाष्यकार त्याचा संबंध पौलाच्या पत्रांतील शेवटच्या कर्ण्याशी व ख्रिस्ताच्या पुनरागमनाशी जोडतात. पौलाने स्वतः त्या ठिकाणी सणाचे नाव घेतलेले नाही.

प्रायश्चित्ताच्या दिवसाचे (योम किप्पूर) ख्रिस्ती विवेचन अधिक खोल आहे. या दिवशी महायाजक वर्षातून एकदाच परमपवित्रस्थानात रक्त घेऊन जाई आणि लोकांची पापे डोक्यावर ठेवलेला बकरा रानात सोडला जाई. इब्री लोकांस पत्राचे नवव्या व दहाव्या अध्यायांतील प्रतिपादन असे, की ख्रिस्त हाच महायाजक व अर्पणही असून त्याचा यज्ञ एकदाच झाल्याने तो दरवर्षी पुन्हा करण्याचे प्रयोजन उरत नाही. जो सण ‘कायमचा पूर्ण झाला’ असे मानले गेले, तो पंचांगात ठेवण्याची गरज मंडळीला भासली नाही; त्याचा आशय शुभशुक्रवाराने सामावून घेतला. एकोणिसाव्या शतकात या दिवसाने एका वेगळ्याच घटनेत प्रवेश केला. अमेरिकेतील विल्यम मिलर याच्या अनुयायांनी दानीएलाच्या भविष्यकथनावरून आणि कराईट यहुद्यांच्या गणनेवरून २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रायश्चित्ताचा दिवस काढून त्या दिवशी ख्रिस्त परत येईल अशी अपेक्षा धरली. अनेकांनी शेतातील पीक तसेच उभे ठेवले होते. तो दिवस ‘महान निराशा’ या नावाने ओळखला जातो. ख्रिस्ताने त्या दिवशी पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गीय मंदिराच्या परमपवित्रस्थानात प्रवेश केला, असा अर्थ लावणाऱ्या गटातून पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उदयास आली. ही मंडळी शनिवारचा शब्बाथ पाळते, परंतु वार्षिक सण बंधनकारक मानत नाही.

मंडपांच्या सणात (सुक्कोत) लोक डहाळ्यांच्या मंडपांत राहून रानातील भटकंतीचे स्मरण करीत. मंदिरात पाणी ओतण्याचा विधी व रात्रीची दीपमाळ हे त्याचे वैशिष्ट्य होते. योहानाच्या सातव्या व आठव्या अध्यायांत येशू याच सणात स्वतःला जिवंत पाण्याचा दाता व जगाचा प्रकाश म्हणवतो. खजुरीच्या फांद्या आणि ‘होसान्ना’चा घोष हेही या सणाचे घटक, ख्रिस्ती परंपरेत ते झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे वसंतात, दिसतात. फ्रेंच अभ्यासक जाँ दानिएलू यांनी या स्थित्यंतराची चर्चा केली आहे. तीन यात्रासणांपैकी याच एकाला ख्रिस्ती वारस मिळू नये, हे कोडे पूर्णपणे सुटलेले नाही.

लेवीय पुस्तकात नसलेल्या पूरीम व समर्पणोत्सव (हनुक्का) या सणांपैकी दुसऱ्याचा उल्लेख योहानाच्या दहाव्या अध्यायात येतो. ख्रिस्ती आचारात दोन्हींना स्थान नाही.

पालनाविषयीचा वाद व त्याचे परिणाम

पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात सण, अमावास्या व शब्बाथ यांना येणाऱ्या गोष्टींची ‘छाया’ म्हटले आहे, आणि गलतीकरांना दिवस-महिने पाळण्याबद्दल सुनावले आहे. तोच पौल पेंटेकॉस्टपर्यंत यरुशलेमेला पोहोचण्याची घाई करतो, असे कृत्यांच्या विसाव्या अध्यायात दिसते. यहुदी ख्रिस्ती व्यक्तीने सण पाळणे आणि ते अन्यधर्मीयांतून आलेल्यांवर लादणे यांत त्याने भेद केला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा भेद पुढे विसरला गेला. चौथ्या शतकातील लावदिकीया येथील परिषदेने यहुद्यांकडून बेखमीर भाकर स्वीकारण्यास मनाई केली. अंत्युखियात योहान क्रिसोस्टमने ३८६-८७ मध्ये यहुदी सणांना हजेरी लावणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध प्रखर प्रवचने दिली. अशी मनाई वारंवार करावी लागली, यावरूनच सामान्य ख्रिस्ती माणसे शेजाऱ्यांच्या सणांत आनंदाने जात होती हे उघड होते.

‘छाया गेली, वस्तू आली’ या विचाराला यहुदी लोकांनी मोठी किंमत मोजली. मध्ययुगीन युरोपात पवित्र सप्ताह आणि वल्हांडण एकाच सुमारास येत, आणि त्याच दिवसांत यहुद्यांवर ख्रिस्ती मुलांच्या हत्येचे खोटे आरोप होत. इटलीतील त्रेंतो येथे १४७५ मध्ये अशा आरोपावरून अनेक यहुद्यांना ठार मारण्यात आले. तेथे रूढ झालेली त्या बालकाची उपासना कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुदी लोकांवर ठेवता येत नाही असे स्पष्ट केले.

आधुनिक पालन

विसाव्या शतकात काही ख्रिस्ती गट हे सण पुन्हा पाळू लागले. हर्बर्ट आर्मस्ट्राँग (१८९२-१९८६) यांच्या वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉडमध्ये ईस्टर व नाताळ वर्ज्य होते आणि सातही सण सक्तीचे होते. मंडपांच्या सणाच्या प्रवासासाठी सभासद उत्पन्नाचा दुसरा दशांश बाजूला ठेवीत. त्यांच्या निधनानंतर नेतृत्वाने १९९४-९५ मध्ये ही सक्ती मागे घेतली, तेव्हा हजारो सभासद बाहेर पडले आणि सण पाळणारे स्वतंत्र गट स्थापन झाले. येशूला मसीहा मानणारे मसीही यहुदी हे सण आपला वारसा म्हणून पाळतात. जेरूसलेममध्ये १९८० पासून जगभरचे इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडपांच्या सणासाठी जमतात.

अनेक चर्चमध्ये पवित्र सप्ताहात वल्हांडणाचे यहुदी भोजन (सेदर) करून दाखवण्याची प्रथा पडली आहे. तिच्यावर दोन आक्षेप घेतले जातात. सेदरचा आजचा क्रम इ.स. ७० मध्ये मंदिराचा नाश झाल्यानंतर घडला; म्हणून येशूने नेमके हेच भोजन केले असे म्हणता येत नाही. दुसरे असे की, एका जिवंत धर्माचा विधी उचलून त्याला ख्रिस्ती अर्थ देणे यहुद्यांना अवमानकारक वाटते. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या समितीने १९८८ मध्ये याच कारणास्तव सेदरचे ख्रिस्तीकरण करू नये अशी सूचना दिली.

भारतातील संदर्भ

केरळमधील संत थॉमस ख्रिस्ती समाजात पवित्र गुरुवारी रात्री घरोघरी तांदळाच्या पिठाचे बेखमीर ‘पेसहा अप्पम’ केले जाते. कुटुंबप्रमुख प्रार्थना करून ते कापतो व नारळाचे दूध आणि गूळ यांच्या पेयासह सर्वांना देतो. हा विधी चर्चमध्ये नव्हे तर घरात होतो, ही वल्हांडणाशी असलेली त्याची जवळीक ठळक आहे. गोव्यात ऑगस्टमध्ये होणारे ‘कोणसाचें फेस्त’, ज्यात नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद दिला जातो, हिब्रू पेंढीच्या विधीसारखे दिसते. पण त्याची मुळे स्थानिक कृषिपरंपरेत आहेत.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल यहुदी समाजाने हे सण ‘खिरीचा सण’, ‘बिरड्याचा रोजा’ अशा देशी नावांच्या आचारांसह जपले होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८२९ मध्ये मुंबईत आल्यावर या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यांचा उद्देश धर्मांतराचा होता. प्रत्यक्षात मिशनऱ्यांच्या शाळा आणि जुन्या कराराचे मराठी भाषांतर यांमुळे बेने इस्राएल लोक आपल्याच सणांच्या शास्त्रोक्त पालनाकडे अधिक वळले.