पंडितांची माळ आणि मनगटावरचे घड्याळ

डोंगरात भटकणाऱ्यांच्या मनगटावर आता जीपीएसचे घड्याळ सर्रास दिसते. मुलांना गडावर नेणाऱ्या शिक्षकांपैकीही अनेकांकडे ते असते. या घड्याळाला मोजता येते पुष्कळ, पण त्याचा पडदा मात्र नाण्याएवढा. म्हणून चालताना डोळ्यांसमोर कोणते तीन-चार आकडे असावेत हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी प्रत्येक आकडा येतो कुठून, हे ठाऊक हवे. आणि ते समजून घ्यायला एका शिक्षकाचाच इतिहास उपयोगी पडतो.

कुमाऊंतील मिलम गावचे नैनसिंह रावत हे शाळेत शिकवत, म्हणून त्यांना ‘पंडित’ म्हणत. तिबेटमध्ये युरोपीय लोकांना प्रवेश नव्हता. नकाशावर तो भाग जवळजवळ कोराच होता. सर्वेक्षण खात्याने नैनसिंहांना देहरादूनला प्रशिक्षण दिले आणि १८६५ साली वेष पालटून ल्हासाच्या मोहिमेवर पाठवले. पकडले गेले असते तर जिवावरच बेतले असते.

त्यांची साधने कोणती होती? पहिली म्हणजे जपमाळ. तिच्यात नेहमीचे १०८ नव्हे, १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. पाऊल सरावाने असे बसवलेले, की दोन हजार पावलांचा एक मैल व्हावा. मोजलेला आकडा प्रार्थनाचक्रातल्या कागदावर उतरायचा. पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट होता. कवड्यांत भरून नेलेला पारा वाडग्यात ओतला की त्याचा सपाट पृष्ठभाग कृत्रिम क्षितिज म्हणून वापरता येई. त्यावरून ताऱ्यांची उंची मोजून अक्षांश काढायचे. शिवाय एक तापमापक होता. पाणी उकळायचे, उत्कलनबिंदू पाहायचा आणि त्यावरून ठिकाणाची उंची काढायची. समुद्रसपाटीपासून दर सुमारे ३०० मीटर वर गेले, की पाणी एक अंश सेल्सिअस लवकर उकळते.

अंतर, स्थान आणि उंची. आजच्या घड्याळातही हेच तीन मुख्य आकडे आहेत! नैनसिंहांनी सुमारे १२०० मैलांची, म्हणजे चोवीस-पंचवीस लाख पावलांची, वाट अशी मोजली. सुरुवातीच्या अहवालांत त्यांचे नाव नव्हते, ‘पंडित’ एवढाच उल्लेख होता. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले ते १८७७ साली.

आता घड्याळाकडे येऊ. त्यातले स्थान उपग्रहांवरून कळते. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश पाठवतात. संदेश पोहोचायला लागलेल्या काळावरून घड्याळ उपग्रहाचे अंतर काढते. निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की स्थान ठरते. या मालिकेतला पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ साली यंत्रणा पूर्ण झाली. नागरी वापराच्या संदेशांत अमेरिकी सरकार मुद्दाम घालत असलेली चूक मे २००० मध्ये थांबली, तेव्हापासून सामान्य ग्राहकालाही काही मीटरांपर्यंत अचूकता मिळू लागली. अर्थात उंच कड्याच्या पायथ्याशी किंवा अरुंद घळीत आकाशाचा तुकडाच दिसतो आणि संदेश खडकांवर आपटून येतात. तेथे हा आकडा भरकटतो.

उंचीची गोष्ट मात्र वेगळी आहे. सारे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात, खाली एकही नसतो. त्यामुळे जीपीएसने काढलेली उंची ही स्थानापेक्षा कमी भरवशाची. म्हणून चांगल्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा एक संवेदकही बसवतात. १८४४ साली फ्रान्समध्ये ल्युसियाँ विदी याने निर्वात धातूच्या डबीचा दाबमापक बनवला. १९६२ साली फेवर-ल्युबा कंपनीने तो मनगटी घड्याळात आणला. आज डबीच्या जागी सिलिकॉनचा अतिसूक्ष्म पडदा असतो, तत्त्व तेच.

पण येथे एक मोठी गोम आहे. ती पास्कलच्या प्रयोगातून छान समजते. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलचा मेहुणा फ्लोराँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यूय-द-दोम हा डोंगर चढला. माथ्यावर पाऱ्याचा स्तंभ सुमारे साडेआठ सेंटिमीटरने खाली आला. पण पेरिएने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. दुसरी नळी त्याने पायथ्याच्या मठात ठेवली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एका धर्मगुरूला बसवले. ती नळी हलली नाही, म्हणूनच वरचा बदल उंचीमुळे झाला असे त्याला म्हणता आले.

आपल्या घड्याळाला खालची नळी नसते! दाब उतरला तो आपण चढलो म्हणून की हवा बदलली म्हणून, हे त्याला एकट्या दाबावरून कळत नाही. आपल्याकडे तर निरभ्र दिवशीही सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. हा फरक तीन-चार मिलीबारचा. एक मिलीबार म्हणजे साधारण आठ-नऊ मीटर उंची. म्हणजे झाडाखाली बसल्या बसल्या आपण पंचवीस-तीस मीटर ‘चढतो’! काही घड्याळे उपग्रहांच्या मदतीने ही चूक सुधारत राहतात, सगळी नाही.

मग उपाय काय? ठाऊक असलेल्या उंचीवर घड्याळ जुळवून घेणे. आपल्या रेल्वे स्थानकांच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गाडीतून उतरल्यावर तीच घड्याळात भरावी. वाटेत नकाशावर उंची दिलेली खिंड लागली की पुन्हा पडताळावी.

पडद्याची मांडणी आता सोपी होते. पहिल्या पानावर उंची, वेळ आणि चाललेले अंतर ठेवावे. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ढोबळ नियम दिला: पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. मुले बरोबर असतील तर वेळ याहून जास्तच धरावा. किती चढ उरला आणि अंधाराला किती वेळ आहे, हे एका नजरेत दिसले, तर परत फिरण्याचा निर्णय वेळेवर होतो. दुसऱ्या पानावर दाबाचा आलेख ठेवावा, तिसऱ्यावर आल्या वाटेची रेघ. धुके उतरले की त्या रेघेचे मोल कळते. मात्र कड्याजवळ तिच्यावर विसंबून पाऊल टाकू नये.

सहलीआधी वर्गात एक प्रयोग जरूर करा. घड्याळातली आपोआप सुधारणा बंद करून ते दिवसभर टेबलावर ठेवा आणि शाळा सुटेपर्यंत दर तासाला मुलांना उंची लिहायला सांगा. आपली शाळा दिवसभरात किती मीटर ‘चढली’, आणि का, हे मुलांनाच शोधू द्या.